पंचवीस सीसीच्या आत

ऐंशी सीसीचं इंजिन सहासष्ट सीसीचं असतं. हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी आमच्या वर्गानं ते ऑप्शनला टाकलं असतं. पण सायकलला बसवायचं इंजिन किट घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला धडा हाच मिळतो. खोक्यावर ठळक लाल अक्षरांत ८० छापलेलं असतं. आत सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ४७ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरखाली जायचं अंतर, ३८ मिलिमीटर. कॅलक्युलेटर काढून हिशोब केला की उत्तर ६५.९ येतं. उरलेले चौदा सीसी वाटेत कुठं उतरले, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लेथ बंदसुद्धा केला नाही.

"चौदा सीसी पाणी घातलंय म्हणा की," ते म्हणाले. "आमच्या गंगावेशीत म्हस समोर उभी करून धार काढत्यात, ते काय उगंच?"

सायकल वडिलांची, आबांची. बावीस इंची, काळी, रॉडब्रेकची. पुढं डायनॅमोचा दिवा, मागं कॅरिअरला सुतळीचा एक तुकडा अजून गाठ मारून ठेवलेला. सायकलला पत्र्याचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचा, त्या काळातली. वडील गेल्यापासून ती बोळात भिंतीला टेकून उभी होती. बायकोनं मला दोन पर्याय दिले होते. एकतर वापरा, नाहीतर लोखंडाच्या भावानं घाला. पहिल्याला गुडघ्यांनी नकार दिला आणि दुसऱ्याला मनानं. तेव्हा मधला मार्ग म्हणून इंजिन.

दुसऱ्या एखाद्या गावात असलं काही बोललं तर लोक हसतात आणि विषय तिथंच मिटतो. कोल्हापुरात हसत नाहीत. इथं बाह्या सरसावतात. ज्या गावानं शेतावरची ऑइल इंजिनं घडवली, ज्याच्या शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात दिवसरात्र कास्टिंग ओतली जातात, त्या गावात चारचौघांत इंजिनाचा विषय काढला की पुढचे दोन तास आपले राहत नाहीत. आमच्या बँकेच्या शिपायाचा भाऊ फाउंड्रीत. कॅशिअरचे सासरे एके काळी टर्नर. माझं ब्लडप्रेशर तपासणाऱ्या डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडायच्या आधी "कॉम्प्रेशन किती?" असं विचारलं, आणि मी माझं सांगायला लागलो तर म्हणाले, "तुमचं नव्हे हो, इंजिनाचं."

आणि प्रत्येकाचा दुसरा प्रश्न ठरलेला. "ज्योतिबा चढंल का?"

कोल्हापुरात कुठल्याही वाहनाची लायकी कंपनीच्या कागदावर ठरत नाही, ती ज्योतिबाच्या डोंगरावर ठरते. तीही एकट्यानं जाऊन नाही. डबलसीट, वर नारळाची पिशवी. मी ह्या सायकलवरून ज्योतिबाला जाणार नव्हतो. माझा रोजचा रस्ता शिवाजी पेठेतून लक्ष्मीपुरीत, आणि त्यात खरा चढ म्हणाल तर बँकेच्या पायऱ्यांचा. हे मी सांगून बघितलं. त्यावर समोरचा माणूस थोडा वेळ गप्प बसतो, आपल्याकडं कीव आल्यावर बघतात तसं बघतो आणि म्हणतो, "न्हाई, पण चढंल का?"

तर किट. बँकेतल्या एकाच्या भाच्यानं हौसेनं मागवून माळ्यावर टाकून दिलेलं एक टू-स्ट्रोक किट होतं. ते निदान डोळ्यांनी बघावं म्हणून मी पोत्यात घालून मेस्त्रींकडं नेलं. पोत्यातून काय काय निघालं: अॅल्युमिनियमचं गोंडस इंजिन, कार्बोरेटर, दांडीवर बसवायची टाकी, सायलेन्सर, चेन, ४४ दात्यांचं मागचं स्प्रॉकेट, हँडलला लावायची क्लचची मूठ आणि नटबोल्टांची एक पिशवी. बॅटरी नाही. मॅग्नेटोवर ठिणगी पडते. मेस्त्रींनी पिशवीतला एक बोल्ट काढला, व्हाइसमध्ये धरला, पाना लावला आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. दोन तुकडे होते.

"बोल्ट आपलं घालायचं," ते म्हणाले. "बाकी बघू."

बाकी बघताना कळलं की ह्या इंजिनाला किक नसते. क्लच दाबायचा, पायडल मारायचं, सायकलनं जरा वेग घेतला की क्लच सोडायचा, मग इंजिन पेटतं. म्हणजे पायडल मारावं लागू नये म्हणून घेतलेलं इंजिन सुरू करायला आधी पायडल मारायचं. गुडघ्यांना मी हे तेव्हा कळू दिलं नाही.

ह्याच किटचा एक धाकटा भाऊ मिळतो, ४८ सीसीचा. स्ट्रोक तोच ३८, बोअर ४०. हा निदान खरं बोलतो, हिशोबाला ४७.८ भरतो. मोठा घ्यावा की धाकटा, यावर आमच्या गल्लीत सरळ दोन तट पडले, आणि ते फुटबॉलच्या तटांशी जुळत नव्हते हे विशेष. एकाच तालमीची माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहिली. ६६ वाले म्हणायचे, ताकद पाहिजे. ४८ वाले म्हणायचे, लहान पिस्टन कमी थरथरतो, हाताला मुंग्या कमी येतात. ६६ वाले म्हणायचे, मुंग्या येईनात, पण ज्योतिबा चढला पाहिजे.

ऑइलवरून तर बोलाचाली थांबायची वेळ आली. टू-स्ट्रोकला पेट्रोलातच ऑइल मिसळायचं. नवीन इंजिनाला सोळाला एक, म्हणजे लिटरला बासष्ट मिली. नंतर कुणी पंचवीसला एक सांगतो, कुणी बत्तीसला एक, म्हणजे लिटरला जेमतेम एकतीस. जास्त घातलं तर प्लग काळा होऊन बंद पडतो, कमी घातलं तर पिस्टन सिलिंडरला धरतो. दोन्ही बाजूंकडं वाया गेलेल्या इंजिनांच्या गोष्टी होत्या आणि दोन्ही बाजूंची इंजिनं चुलतभावाचीच होती. स्वतःचं कुणाचंच नव्हतं. त्यात आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतो, सायकल फार दिवस उभी राहिली की टाकीच्या तळाला वेगळंच काहीतरी साचतं. हे मी मेहुण्याला सांगितलं. त्याचा ऊस कारखान्याला जातो आणि कारखाना इथेनॉल करतो. तो म्हणाला, "म्हंजी आमचाच ऊस जाळणार तुमी. जरा जपून जाळा, दाजी, बिल अजून यायचं हाय."

पण किटचा खरा कस लागला तो मागच्या चाकाशी.

मागचं स्प्रॉकेट हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, बसत नाही. ते चाकाच्या तारांना आवळायचं. तारांच्या आत एक रबरी चकती, बाहेर एक, आणि दोन्हीतून आरपार नऊ बोल्ट. ज्यानं हे किट काढलं त्याच्या देशात सायकलच्या चाकाला छत्तीस तारा असाव्यात. नऊ चोक छत्तीस, प्रत्येक चार तारांमागं एक बोल्ट, झकास. आपल्या काळ्या सायकलीला मागं चाळीस तारा आणि पुढं बत्तीस. मागं ओझं जास्त म्हणून तारा जास्त, हा साहेबाच्या काळापासूनचा हिशोब. दुधाच्या किटल्या, गॅसच्या टाक्या, पोरं, पाहुणे हे सगळं त्या चाळीस तारांवर वाहिलं गेलं आहे. आता चाळीसला नवानं भागून बघा. चार पूर्णांक चार दशांश चार चार चार, आणि हे संपतच नाही. दोन बोल्ट नीट बसतात, तिसरा तारेला घासतो, चौथा थेट तारेवर येतो.

मेस्त्री चाक फिरवत बराच वेळ बसले. चाकाला थोडा आउटही होता, तो त्यांनी जाता जाता काढून टाकला. मग म्हणाले, "प्लेट नवी करू. दहा भोकं. दहा चोक चाळीस."

ह्या माणसाबद्दल मला तेव्हा जो आदर वाटला तो आमच्या बँकेच्या चेअरमनबद्दल कधी वाटला नाही.

पण त्यांनीच पुढं मुद्दा काढला. किट लावलं तर सायकल चाळीसनं पळणार. ती थांबवायची कशानं? रॉडब्रेक म्हणजे लोखंडी सळ्यांनी वर ओढले जाणारे रबराचे गुटके, ते लोखंडी रिमला आतून घासणार. कोरड्यात ठीक. पावसात ओल्या रिमवर ब्रेक दाबल्यावर सायकल थांबते ती थोडा विचार करून. वडील त्या ब्रेकवर कधी पंधराच्या पुढं गेले नसतील.

पुतण्याची गिअरची सायकल घ्यावी का, हेही बघून झालं. तिला ब्रेक चांगले होते. पण तिचा नळा दंडाएवढा जाड आणि वरून लांबट. किटचे क्लॅम्प जुन्या पद्धतीच्या सव्वा इंचाच्या आतल्या गोल नळ्यांसाठी केलेले. वडिलांच्या सायकलला ते असे बसले की माप देऊन शिवले असावेत. पुतण्याच्या सायकलला टेकलेसुद्धा नाहीत.

फोर-स्ट्रोकचं किट मिळतं ४९ सीसीचं. ऑइल मिसळायची कटकट नाही, आवाज सभ्य. पण इंजिन रुंद, पायडल त्याला आपटतं, म्हणून रुंद क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, घालावी लागते, आणि आपल्या सायकलची क्रँक कॉटरपिनेची, पाचर ठोकून बसवलेली. तो विषय मेस्त्रींनी "कॉटर?" एवढंच विचारून संपवला.

मग पुतण्या आला. तो इंजिनिअरिंगला आहे आणि त्याचं सगळं बरोबर असतं, हाच त्याच्याशी बोलण्यातला त्रास. त्याचं म्हणणं, इलेक्ट्रिक करा. अडीचशे वॅटच्या आत मोटर, ताशी पंचवीसच्या आत वेग, की कायद्याला ती सायकलच. लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको, ऑइल नको. मी त्याला घेऊन उद्यमनगरात गेलो, कारण असल्या गोष्टी मी आता एकटा ठरवत नव्हतो.

मेस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आवाज?"

"नाही."

"धूर?"

"अजिबात नाही," पुतण्या अभिमानानं म्हणाला.

मेस्त्रींनी लेथ सुरू केला. ज्या गावात जाळ अन् धूर संगटच निघावा लागतो, तिथं धूरच नाही म्हटल्यावर पुढं बोलायचं काय? आणि जाळ निघालाच तर तो बॅटरीतून निघणार, न सांगता. तरी मी पुतण्याच्या समाधानासाठी हब-मोटरची माहिती पाहिली. तारांना भोकं छत्तीस. मी ते वाचून दाखवलं तेव्हा लेथ चालू असूनही मेस्त्री हसल्याचं ऐकू आलं.

ह्या सगळ्या काळात आमच्या आत्यानं एकच वाक्य लावून धरलं होतं. "जुनी लूना घे की रं बाळा." आत्याचं बरोबर होतं, म्हणून तिला उत्तर देता येत नव्हतं. मी जे करायला निघालो होतो ते फिरोदियांनी नगरला १९७२ साली करून दाखवलेलं आहे. पन्नास सीसी, पायडलसकट, कार्बोरेटरापासून घंटीपर्यंत सगळं एकाच ठिकाणी बसवून. किट, मेस्त्रींची मजुरी, नवे बोल्ट, दहा भोकांची प्लेट, चहा, हे सगळं जमेला धरलं तर त्यात एक चालू लूना येते आणि वर आत्याला साडी. मी आत्याला म्हटलं, "लूना काय आबांची होती?" त्यावर ती म्हणाली, "आबा असते तर त्यांनीबी लूनाच घेतली असती." हेही खरं होतं.

आणि मग कायदा आला. तो येतोच, फक्त उशिरा येतो.

पासिंगची कामं करणारे एक परिचित बँकेत ठेव नूतनीकरणाला आले होते. मी सहज विचारलं, सायकलला इंजिन लावलं तर एमएच ०९ चा नंबर मिळेल का? घरी खटपट करून बनवलेल्या गाडीला मान्यतेचा कागद कुठून आणणार, असं त्यांनी मला उलट विचारलं आणि ठेवीची पावती घेऊन निघून गेले. पण जाता जाता एक बारीक गोष्ट टाकून गेले. ती मी घरी येऊन वाचली. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम २, उपकलम २८. मोटार वाहन कशाला म्हणायचं याची व्याख्या. रुळांवरची गाडी मोटार वाहन नाही. कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आतच वापरायची खास गाडी, तीही नाही. आणि चारपेक्षा कमी चाकं असलेलं, पंचवीस घनसेंटिमीटरच्या पुढं न जाणाऱ्या इंजिनाचं वाहन, तेही नाही.

पंचवीस! ६६ वाले आणि ४८ वाले, दोन्ही तट एका ओळीत बाद. गल्लीत मी ही ओळ वाचून दाखवली तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं प्रथमच एक झाली आणि माझ्यावर चिडली.

मेस्त्री मात्र चिडले नाहीत. त्यांना अडचण दिसली की हुरूप येतो. "लायनर घालू," ते म्हणाले. "बोअर बारीक करायचा. पंचवीसला कितीचा लागंल?" स्ट्रोक ३८ तसाच ठेवला तर बोअर २८.९ मिलिमीटर येतो. ४७ च्या भोकात लायनर घालून ते २८.९ वर आणायचं, त्यात त्याच मापाचा पिस्टन घडवायचा. मेस्त्रींनी खडूनं फरशीवर चित्र काढलं. बाहेर मोठा गोल, आत अगदी लहान गोल, मधे सगळं लोखंड.

"मग इंजिनात राहिलं काय?" मी विचारलं.

"कायदा," मेस्त्री म्हणाले.

रविवारी सासुरवाडीला जेवायला होतो. तांबडा झाला, पांढरा झाला, आणि मेहुण्यानं गोठ्यातून एक जुना फवारणी पंप आणून माझ्यापुढं ठेवला. पाठीवर घेऊन उसात औषध मारायचा. पंप फुटला होता, इंजिन ठणठणीत. एका झटक्यात सुरू करून दाखवलं. कोंबड्या पळाल्या.

"न्या, दाजी. फुकट."

मी आनंदानं उचललं, उलटं करून पाटी वाचली आणि खाली ठेवलं. २६ सीसी.

"मग?" मेहुणा म्हणाला.

"एक सीसी जास्त आहे."

ओसरीवर शांतता पसरली. सासऱ्यांनी पानाचा डबा बंद केला. मी कलम सांगितलं. पुढं जाणाऱ्या, न जाणाऱ्या, सगळं सांगितलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, एका सीसीसाठी कोण धरतंय?" कुणी धरणार नाही, हे मलाही माहीत होतं. पण मी बँकेतला माणूस. सहीतली वेलांटी आखूड पडली म्हणून मी चेक परत करतो, आणि परत करताना मला झोप छान लागते. २६ सीसीवर बसून मला कधी बसायचं सुख लागलं नसतं. मेहुण्यानं मग बंदिस्त आवाराची पळवाट काढली. मळ्यात फिरवा म्हणाला, घराच्या कंपाउंडातनं विहिरीपर्यंत. हे कायद्यात बसवायचा त्याचा प्रयत्न मला आवडला. पण विहिरीवर माझं काही काम नसतं.

सासूबाई आतून म्हणाल्या, "बँकेतल्या माणसाला फुकटाचं पचत न्हाई." ह्या वाक्याचा प्रसार तालुकाभर झाला. नंतर एका लग्नात एक अनोळखी गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ते एक सीसीवालं तुमीच न्हवं?"

अखेर गवत कापायच्या मशिनवर असतं तसलं एक फोर-स्ट्रोक इंजिन सापडलं. पाटीवर २५ सीसी. वजन तीन किलोच्या आत, ऐंशी मिली ऑइल वेगळं, पेट्रोलात काही मिसळायचं नाही, दोरी ओढून सुरू होतं. म्हणजे गुडघे सुटले, आता खांद्यावर आलं. ताकद साधारण एक हॉर्सपॉवर, तीही इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर ओरडायला लागल्यावर. ज्योतिबा सोडा, पापाच्या तिकटीला रिक्षाच्या मागं थांबून परत निघतानाही पायडल मारावं लागणार. पण कायद्यात बसत होतं. मी पैसे भरायच्या बेतात होतो आणि सवयीनं बोअर-स्ट्रोक पाहिला. बोअर ३५, स्ट्रोक २६.

हिशोब केला. २५.०१ आला.

पुन्हा केला. गणितातला पाय (π) सगळ्या दशांशांसकट घेतला, तर २५.०१५. पाण्याचा थेंबसुद्धा यापेक्षा मोठा असतो. रात्री अकरा वाजता मी कायद्याच्या अर्ध्याहून कमी थेंबानं पुढं होतो. बायको म्हणाली, "झोपा आता." मी म्हटलं, तू झोप, तुझं काय, तुझ्यावर पॉइंट शून्य एक नाही.

सकाळी बँकेत जायच्या आधी मेस्त्रींचं दुकान गाठलं.

"पाटीवर किती हाय?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस."

"मग झालं की. सरकार पाटी वाचतंय, व्हर्निअर लावत न्हाई. ऐंशीची पाटी लावून सहासष्ट देणारी माणसं मोकळी हिंडत्यात आणि तुमी थेंबासाठी जागताय." मग जरा थांबून म्हणाले, "आणि आता परत मोजू नगा."

इंजिन मागवलं. ते कॅरिअरवर बसवायचं आणि त्याच्या दांड्याला एक रोलर लावून तो मागच्या टायरवर टेकवायचा, असं ठरलं. चेन नाही, स्प्रॉकेट नाही, छत्तीस-चाळीसचा प्रश्न नाही. दहा भोकांच्या प्लेटचं मेस्त्रींना थोडं वाईट वाटलं, ती त्यांनी हौसेनं करून ठेवली होती. रोलरचं तंत्र काही मी काढलेलं नाही. फ्रान्समध्ये वेलोसोलेक्स १९४६ पासून पुढच्या चाकावर असाच रोलर टेकवून लाखो लोकांना ऑफिसात पोचवत आली. पावसात रोलर ओल्या टायरवर घसरतो. ते खरं आहे. जूनपासून पंचगंगा पाय पसरायला लागली की आपण रेनकोट घालून पायडल मारायचं, त्याला काही इलाज नाही. टायरही लवकर झिजतो. मेस्त्री म्हणाले, रोलरला नर्लिंग करतो, बारीक खाचा पाडतो, मग घसरणार नाही. टायरचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "टायर कुठं आपण बनवतोय?"

रोलर कितीचा हा शेवटचा हिशोब. सात हजार फेऱ्यांना २५ मिलिमीटरचा रोलर सायकलला ताशी तेहतीसनं नेतो. १९ चा असेल तर पंचवीसनं. मी आणि मेस्त्री दोघंही २५ वर खूश होतो. पंचवीस सीसी, पंचवीस मिलिमीटर, आकडा लक्षात ठेवायला सोपा. त्यांनी तो माझ्यासमोर लेथवर काढला, नर्लिंग केलं, आणि कापसानं पुसून हातात दिला.

त्याच आनंदात मी घरी होंडाची गोष्ट सांगितली. सोइचिरो होंडा यांनी १९४६ साली सैन्याच्या वायरलेस सेटच्या जनरेटरची लहान इंजिनं सायकलींना बसवायला सुरुवात केली. पहिल्या सायकलला टाकी म्हणून शेकायला गरम पाणी भरायचं भांडं लावलं होतं. एवढी मोठी कंपनी त्यातून उभी राहिली. आणि चाचणीला ती सायकल रस्त्यावर कुणी चालवली? त्यांच्या बायकोनं.

बायकोनं भाजी निवडायचं थांबवलं. "तिला ब्रेक होते का?"

मी गॅस बारीक करायला उठलो.

"म्हणजे पहिल्यांदा मी चालवायची आहे."

"तसं काही मी म्हटलं नाही."

"चालवते की. रोज मंडईत जाते, तेवढं सोपं होईल. मेस्त्रींचं दुकान कुठल्या गल्लीत आहे?"

ती दुसऱ्या दिवशी मला न सांगता उद्यमनगरात जाऊन आली. काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही. मी संध्याकाळी गेलो तेव्हा रॉडब्रेकचे चारही गुटके नवे होते, सळ्या ऑइल घालून सरळ केलेल्या होत्या, आणि कॅरिअरच्या बाजूला भाजीची पिशवी अडकवायला एक आकडा वेल्ड केलेला होता. रोलर मात्र हातात घेतल्यावर वेगळा लागला. मी व्हर्निअर मागितला.

"मोजू नगा म्हटलंय न्हवं," मेस्त्री म्हणाले. "एकोणीस हाय. वैनी म्हणल्या, पंचवीसच्या पुढं पळायला न्हाई पायजे."

बिल माझ्या नावानं होतं. त्यात खालून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: रोलर टर्निंग, दोन वेळा.